‘विचित्रता’ : नाव की उत्तर?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मूलकणांवर लेख लिहावा, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण लेखाचा विषयच ‘विचित्रता’ असल्यामुळे एवढी सूट मला मिळावी, अशी विनंती आरंभीच करून ठेवते.

बारावीपर्यंत मी दुसऱ्या एका महाविद्यालयात विज्ञान शाखेत होते. त्या वेळी ग्रंथालयातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात मूलकणांचा तक्ता पाहिला. त्यात वस्तुमान, विद्युत् भार, आयुर्मान असे ओळखीचे रकाने होते आणि त्यांच्या शेजारी ‘स्ट्रेंजनेस’ असा एक रकाना होता. त्याखाली शून्य, अधिक एक, उणे एक, उणे दोन असे आकडे. तास संपल्यावर मी सरांना विचारले, “सर, स्ट्रेंजनेस म्हणजे काय? कणात विचित्र असं काय असतं?” सर घाईत होते. म्हणाले, “ते नुसतं नाव आहे. परीक्षेला येत नाही.” वर्ग हसला. मीही हसले. पुढे बारावीला भौतिकीने मला जेमतेम काठावर सोडले आणि मी कला शाखेत आले. “सायन्स झेपलं नाही वाटतं!” हे वाक्य त्या उन्हाळ्यात किती नातेवाईकांकडून ऐकले, त्याची मोजदाद ठेवली नाही.

गेल्या वर्षी व्याकरणाच्या तासाला लिंगविचार चालू होता. टेबल मोडले, खुर्ची मोडली, पंखा मोडला. मी विचारले, “सर, पण खुर्ची स्त्रीलिंगी का?” सर म्हणाले, “अगं, ‘का’ ते थोडं बाजूला ठेव. ती स्त्रीलिंगी असल्यामुळे वाक्यात काय काय होतं आणि काय होऊ शकत नाही, ते आधी बघ.” ते ऐकताच तो जुना तक्ता एकदम डोळ्यांपुढे आला. खुर्ची कितीही तपासली तरी तिच्यात स्त्रीत्व सापडणार नाही; पण ‘खुर्ची मोडला’ असे चार वर्षांचे मूल म्हणाले तर सारे घर हसते. म्हणजे जे खुर्चीत दिसत नाही, ते वाक्यात मात्र ठामपणे वावरत असते. ‘स्ट्रेंजनेस’ हेही असेच काही असेल का? त्या दिवशी मी पुन्हा ती पुस्तके काढली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

माझा प्रश्न मात्र एकच आहे आणि तो आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्याही जिव्हाळ्याचा आहे : एखाद्या न समजणाऱ्या गोष्टीला नाव दिले, म्हणजे ती समजली असे होते का? फ्रेंच नाटककार मोलिएर याने १६७३ च्या आपल्या नाटकात वैद्यांची याच मुद्द्यावरून थट्टा केली आहे. अफूने झोप का येते? तर अफूच्या अंगी निद्राकारक गुण असतो म्हणून! प्रश्नच उत्तराचा अंगरखा घालून परत आला. हे कण विचित्र का वागतात? तर त्यांच्या अंगी विचित्रता असते म्हणून! सर म्हणाले ते ‘नुसते नाव’ हेच तर नव्हे?

मेघकोठीतील दोन छायाचित्रे

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा मँचेस्टरमध्ये ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर हे दोघे विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. अवकाशातून सतत येणारे हे वेगवान कण वातावरणावर आदळतात आणि नवे कण निर्माण करतात. ते पाहण्याचे साधन म्हणजे मेघकोठी. बाष्पाने भरलेल्या कोठीतून विद्युत् भारित कण गेला की त्याच्या वाटेवर बारीक थेंबांची रेघ उमटते. कण दिसत नाही, त्याची वाट दिसते. ज्या कणावर विद्युत् भार नाही, त्याची तर वाटही उमटत नाही.

सुमारे पाच हजार छायाचित्रांमध्ये दोन चित्रे निराळी निघाली. पहिले १५ ऑक्टोबर १९४६ चे. कोठीत आडव्या बसवलेल्या शिशाच्या पत्र्याखाली, काहीही नसलेल्या ठिकाणापासून दोन रेघा चिमट्यासारख्या फाकलेल्या होत्या. याचा अर्थ, भाररहित असा कोणी तरी तेथवर न दिसता आला आणि तेथे मोडून त्याचे दोन भारित कण झाले. दुसरे चित्र २३ मे १९४७ चे. त्यात एका भारित कणाची वाट मध्येच एकदम वळली होती. हिशेब केल्यावर या अनोळखी कणांचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे हजारपट, म्हणजे प्रोटॉनच्या निम्म्याच्या आसपास भरले. असा कण कोणाच्याच यादीत नव्हता. डिसेंबर १९४७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ही दोन छायाचित्रे प्रसिद्ध झाली. पुढे १९५० मध्ये अमेरिकेत पॅसाडीना येथील अँडरसन यांच्या गटाला असे अनेक चिमटे सापडले, तेव्हा शंका उरली नाही. आकारावरून या कणांना प्रथम ‘व्ही-कण’ असेच म्हणत. आज आपण त्यांतल्या काहींना केऑन आणि काहींना लॅम्डा या नावाने ओळखतो.

याच प्रयोगशाळेत त्या वर्षांत विभा चौधुरी ही आपल्या देशातील एक स्त्री विश्वकिरणांच्या वर्षावावर संशोधन करीत होती, हे वाचून मला विशेष आनंद झाला. कोलकात्यात देबेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर छायाचित्रणाच्या काचांवर कणांच्या वाटा शोधण्याचे काम त्यांनी आधीच केले होते. १९४९ मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री-संशोधक होत. याच संस्थेत पुढे बर्नार्ड पीटर्स, यशपाल आणि त्यांचे सहकारी फुग्यांतून उंच आकाशात पाठवलेल्या काचांवर केऑनच्या वाटा तपासत होते. तेव्हा ही सारी कथा सातासमुद्रापलीकडचीच आहे असे नाही. तिचा एक लहानसा धागा मुंबईतूनही गेला आहे.

तेरा शून्यांचे कोडे

या कणांना ‘विचित्र’ का म्हणू लागले? त्यांच्या दिसण्यावरून नव्हे, तर वागण्यावरून.

मूलकणांच्या जगात घडामोडी घडवून आणणाऱ्या दोन क्रिया आपल्याला येथे लागतील. एक प्रबल, ती अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांना घट्ट धरून ठेवते. दुसरी दुर्बल; किरणोत्सर्गाचा एक प्रकार तिच्यामुळे घडतो. प्रबल क्रिया कमालीची जलद असते. एका सेकंदाचे, एकावर तेवीस शून्ये इतके भाग केले, तर त्यांतल्या एका भागाच्या सुमारास तिचे काम उरकते. प्रकाशाला प्रोटॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जवळपास तेवढाच वेळ लागतो.

आता हे नवे कण टकरींमध्ये ज्या प्रमाणात निर्माण होत, त्यावरून त्यांचा जन्म प्रबल क्रियेने होतो हे उघड होते. मग साधा न्याय असा की, जी क्रिया त्यांना घडवते तिनेच त्यांना मोडावे आणि तितक्याच चपळाईने मोडावे. लॅम्डा मोडून प्रोटॉन आणि पायॉन होतात. हे दोघेही प्रबल क्रियेचे जुने गिऱ्हाईक. तेव्हा अडचण कोणतीच नव्हती. पण लॅम्डा टिकतो सेकंदाच्या, एकावर दहा शून्ये इतक्या भागांपैकी जवळजवळ तीन भाग. ऐकायला हाही क्षणार्धच; पण अपेक्षेपेक्षा तो सुमारे एकावर तेरा शून्ये इतक्या पटीने मोठा आहे. आपल्या मापाने सांगायचे, तर जे एका सेकंदात मोडायला हवे होते ते तीन लाख वर्षे टिकून राहिले!

मेघकोठीत तो चिमटा दिसला, हेच मुळी या दीर्घायुष्यामुळे. प्रकाशाच्या जवळपास वेगाने जाणारा लॅम्डा एवढ्या अवधीत काही सेंटिमीटर चालून जातो. तो अपेक्षेप्रमाणे मोडला असता, तर त्याची सारी वाटचाल प्रोटॉनच्या आकाराएवढीच झाली असती आणि रॉचेस्टर-बटलर यांना काहीच वेगळे दिसले नसते.

एकूण कोडे असे : जन्म झटपट, मरण मात्र सावकाश. येण्याचे दार उघडे आणि त्याच दाराने परत जाण्यास मनाई. हे कसे?

जोडीने जन्म

पहिला धागा १९५२ मध्ये अब्राहम पाइस यांनी पुढे केला. जपानमधील शास्त्रज्ञही त्याच सुमारास त्याच दिशेने विचार करीत होते. कल्पना अशी की, हे कण प्रबल क्रियेत एकटे जन्मतच नाहीत, जोडीनेच जन्मतात. जन्मल्यावर दोघे दोन दिशांना जातात. आता एकट्या पडलेल्या कणाजवळ जोडीदार नाही. म्हणून प्रबल क्रियेचे दार त्याला बंद. मग दुर्बल क्रियेच्या मागल्या दाराने, रेंगाळत, त्याला मोडावे लागते.

हे नुसते अनुमान होते. विश्वकिरण आपल्या मर्जीने येतात. जोडी तपासायची तर हवे तेव्हा हे कण निर्माण करता यायला हवेत. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे ‘कॉस्मोट्रॉन’ हे त्वरण-यंत्र तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. १९५३ मध्ये तेथे ऋण पायॉनांचा झोत हायड्रोजनवर सोडला, तेव्हा जोडी प्रत्यक्ष दिसली :

ऋण पायॉन + प्रोटॉन → लॅम्डा + उदासीन केऑन

यात एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. केऑनपेक्षा पायॉन कितीतरी हलका. तेव्हा लॅम्डाबरोबर केऑनऐवजी पायॉन निर्माण करणे ऊर्जेच्या दृष्टीने स्वस्त पडले असते. विद्युत् भाराचा हिशेबही जुळला असता. तरीही प्रबल क्रिया हा स्वस्त मार्ग कधीच घेत नाही. जे महाग आहे ते घडते आणि जे स्वस्त आहे ते घडत नाही, असे दिसले की तेथे एखादा न सांगितलेला नियम पहारा करीत आहे, असे समजावे.

जमा आणि नावे

माझे वडील एका आडत दुकानात हिशेब लिहितात. वही न जुळल्यास ते जेवायला उठत नाहीत. एकाच्या खात्यावर रक्कम जमा पडली तर दुसऱ्या कोणाच्या तरी नावे ती पडलीच पाहिजे. सगळ्या व्यवहाराची गोळाबेरीज बदलता कामा नये. विद्युत् भाराचे असेच असते. क्रियेच्या आधी जेवढा एकूण भार, तेवढाच नंतर. याला भाराच्या अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

१९५३ मध्ये मरे गेल-मान या तेवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाने आणि त्याच्याशी काहीही संबंध नसताना जपानमध्ये तादाओ नाकानो व काझुहिको निशिजिमा यांनी सुचवले की, भाराच्या शेजारी आणखी एक खाते उघडावे. पुंजभौतिकीत असे खाते पूर्णांकांत किंवा ठरावीक अपूर्णांकांत मांडतात व त्या अंकाला पुंजांक म्हणतात. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन यांच्या खात्यावर शून्य. धन केऑन आणि उदासीन केऑन यांच्या खात्यावर अधिक एक. लॅम्डा आणि सिग्मा यांच्या खात्यावर उणे एक. नियम असा की, प्रबल व विद्युत्-चुंबकीय क्रियांत या खात्याची बेरीज बदलत नाही. दुर्बल क्रियेत मात्र ती एका अंकाने बदलू शकते.

वरचे समीकरण आता पुन्हा पाहा. डाव्या बाजूला शून्य अधिक शून्य. उजव्या बाजूला लॅम्डाचे उणे एक आणि केऑनचे अधिक एक, बेरीज शून्य. वही जुळली. केऑनच्या जागी पायॉन घातला तर उजवीकडे उणे एक उरतो. वही जुळत नाही, म्हणून व्यवहार होत नाही. एकटा लॅम्डा प्रोटॉन व पायॉन यांत मोडतो तेव्हा उणे एकाचे शून्य होते; म्हणजे येथेही वही जुळत नाही. म्हणून प्रबल क्रिया त्याला हात लावत नाही आणि हिशेबात एका अंकाची ढिलाई चालवून घेणारी दुर्बल क्रिया सावकाश ते काम करते. तेरा शून्यांचा उलगडा एका अंकाने झाला.

या अंकाचे नावही सहज ठरले नाही. गेल-मान यांना आपल्या निबंधाच्या शीर्षकात या कणांना ‘कुतूहलजनक’ म्हणायचे होते. पण नियतकालिकाला ते रुचले नाही आणि शीर्षकात ‘नवे अस्थिर कण’ असे निरुपद्रवी शब्द आले. निशिजिमा आपल्या अंकाला ‘ईटा-भार’ म्हणत. टिकले ते गेल-मान यांचे ‘स्ट्रेंजनेस’. या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा मूळ अर्थ ‘बाहेरचा, परका’ असा आहे. आपण त्याला ‘विचित्रता’ म्हणतो. आणि ‘विचित्र’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ ‘नाना रंगांचे’ असा आहे. दोन्ही भाषांत या शब्दांना पुढे ‘चमत्कारिक’ हा अर्थ चिकटला. अंकाला मात्र यांपैकी कोणत्याच अर्थाशी कर्तव्य नाही. ‘स्त्रीलिंगी’ म्हटल्याने खुर्चीला काही होत नाही, तसेच हे.

अंकाची परीक्षा

येथवर वाचल्यावरही मोलिएरची शंका मला सोडीना. कोडे पाहूनच अंक बसवले. मग त्या अंकांनी कोडे सुटले यात नवल ते काय? अफूचा निद्राकारक गुणही अफूची झोप ‘समजावून’ देतोच. नावाची खरी परीक्षा एकच : ज्या गोष्टींसाठी ते तयार केले नाही, त्यांच्याबद्दल ते काही सांगते का? आणि जे सांगते ते चुकू शकते का? कधीच न चुकणारे नाव हे नुसते नाव.

विचित्रतेचे अंक मनाला येतील तसे वाटलेले नव्हते, हे येथे सांगायला हवे. प्रबल क्रियेच्या दृष्टीने सारखे असलेले कण एका कुटुंबात मोडतात. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे एक कुटुंब. त्यांचे भार अधिक एक आणि शून्य, म्हणजे सरासरी अर्धा. लॅम्डा एकटाच, त्याची सरासरी शून्य. म्हणजे प्रोटॉनच्या घराण्याच्या मानाने लॅम्डाचा मध्य अर्ध्याने खाली सरकला आहे. या सरकण्याची दुप्पट करा : उणे एक. हीच त्याची विचित्रता! केऑन-पायॉनांच्या घराण्यातही हीच रीत. तीन पायॉनांची सरासरी शून्य. धन केऑन व उदासीन केऑन यांची सरासरी अर्धा. म्हणून अधिक एक. कुटुंबाचा मध्य अपेक्षित जागेवरून किती ढळला, याचे माप म्हणजे विचित्रता. गेल-मान आणि निशिजिमा यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र याच गोष्टीचे बीजगणितातील रूप आहे.

आता या मापाला भाकिते करावी लागली. विश्वकिरणांत ‘क्साय’ नावाचा एक ऋण भारित कण १९५२ मध्ये दिसला होता. तो टप्प्याटप्प्याने मोडतो : आधी लॅम्डा व पायॉन आणि मग त्या लॅम्डाचे प्रोटॉन व पायॉन. तो एकदम न्यूट्रॉन व पायॉन यांत का मोडत नाही? त्याची विचित्रता उणे दोन मानली तर उत्तर मिळते. दुर्बल क्रिया एका वेळी एकाच अंकाची ढिलाई देते, म्हणून दोन पायऱ्या. पण उणे दोन म्हणजे कुटुंबाचा मध्य एकाने खाली, सरासरी उणे अर्धा. एकट्या ऋण कणाची सरासरी उणे एक येते. तेव्हा हिशेब जुळायला त्याला एक भाररहित भावंड असलेच पाहिजे. असे भावंड कोणी पाहिले नव्हते. १९५९ मध्ये बर्कली येथे ते सापडले.

दुसरी गोष्ट केऑनांची. धन, ऋण आणि उदासीन असे तीन केऑन पाहून, पायॉनांप्रमाणे हे तिघे एकाच कुटुंबातले, असे कोणालाही वाटले असते. विचित्रतेच्या हिशेबाने मात्र कुटुंबे दोन : धन व उदासीन यांचे एक, अधिक एक अंकाचे, आणि ऋण व दुसरा उदासीन यांचे प्रतिकणांचे, उणे एक अंकाचे. त्यामुळे धन आणि ऋण केऑन द्रव्यात शिरल्यावर निरनिराळे वागायला हवेत. ऋण केऑन प्रोटॉनवर आदळून सहज लॅम्डा घडवू शकतो, कारण दोन्हीकडे उणे एक. धन केऑनला ती सोय नाही. प्रयोगात असेच दिसते. या उदासीन केऑनांनी तर पुढे १९६४ मध्ये द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागण्यातील सूक्ष्म भेदही उघड केला. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सर्वांत कडक परीक्षा १९६४ चीच. गेल-मान आणि इस्राएलचे युव्हाल नेएमान यांनी १९६१ मध्ये कणांची मोठी कुटुंबे एका आकृतीत मांडली होती. त्यांतील दहा जणांच्या एका कुटुंबात नऊच कण हाती होते. शून्य विचित्रतेचे चार, उणे एकचे तीन, उणे दोनचे दोन. आणि टोकाची, उणे तीनची, एक जागा रिकामी. खालच्या प्रत्येक पायरीला वस्तुमान साधारण सारखेच वाढत होते. त्यावरून १९६२ मध्ये गेल-मान यांनी सांगितले की तेथे एक ऋण भारित कण असेल, त्याचे नाव ओमेगा, वस्तुमान सुमारे १६८० एकके. (येथे एकक म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, या मापाने प्रोटॉन ९३८ चा.) शिवाय, एवढ्या वस्तुमानात विचित्रता राखून मोडण्याइतकी ऊर्जाच नसल्यामुळे हा कण दीर्घायुषी असेल आणि त्याची वाट दिसेल.

ब्रुकहेवनला निकोलस सेमियोस यांच्या गटाने द्रव हायड्रोजनच्या ऐंशी इंची बुद्बुद कोठीत ऋण केऑन सोडले. सुमारे एक लाख छायाचित्रे घेतल्यावर १९६४ च्या आरंभी एका चित्रात ती वाट सापडली. केऑन आणि प्रोटॉन यांची टक्कर. त्यातून ओमेगा, धन केऑन आणि उदासीन केऑन. वाचकांनी वही स्वतः जुळवून पाहावी : आधी उणे एक, नंतर उणे तीन, अधिक एक, अधिक एक. पुढे तो ओमेगा तीन पायऱ्यांनी मोडत गेला : क्साय, मग लॅम्डा, मग प्रोटॉन, म्हणजे उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य. आज त्याचे वस्तुमान १६७२ एकके मानतात.

अफूच्या निद्राकारक गुणाने असे एकही नवे औषध कोणाला शोधून दिले नाही. येथे माझी शंका फिटली.

रकाना भरला

पण ‘का’? व्याकरणाच्या सरांनी बाजूला ठेवायला सांगितलेला तो प्रश्न अजून तसाच होता. कणांना ही विचित्रता येते कोठून?

त्याच १९६४ मध्ये गेल-मान आणि, स्वतंत्रपणे, जॉर्ज झ्वाइग यांनी सुचवले की प्रोटॉन, लॅम्डा हे मुळात मूलकण नाहीतच. ते आणखी लहान घटकांचे बनले आहेत. गेल-मान यांनी त्यांना ‘क्वार्क’ म्हटले. तेव्हा तीन क्वार्क पुरेसे होते. दोन नेहमीचे आणि एक विचित्र. प्रोटॉनमध्ये तिन्ही नेहमीचे. लॅम्डा आणि सिग्मा यांच्यात एक विचित्र क्वार्क, क्सायमध्ये दोन, ओमेगात तिन्ही. उणे एक, उणे दोन, उणे तीन हे अंक म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आत विचित्र क्वार्क किती, याची मोजणी होती! (उणे चिन्ह हा केवळ आधीच्या सवयीचा अवशेष.) प्रबल क्रिया क्वार्कांची जात बदलत नाही, म्हणून विचित्र क्वार्क जन्मतो तो आपल्या प्रतिक्वार्काबरोबर, जोडीने. दुर्बल क्रिया जात बदलू शकते, पण सावकाश. १९६८ पासून स्टॅनफर्डच्या त्वरण-यंत्रावरील प्रयोगांत प्रोटॉनच्या आत टणक बिंदूंसारखे काही आहे, असे दिसू लागले आणि क्वार्क हे नुसते हिशेबाचे साधन राहिले नाहीत. आज क्वार्कांच्या सहा जाती माहीत आहेत. त्या सहाच का, याचे उत्तर मात्र अद्याप कोणाजवळ नाही.

म्हणजे १९५३ मध्ये वहीत एक कोरा रकाना आखला गेला. त्या रकान्यात काय मोजतो आहोत, हे आखणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पण त्यांनी आकडे प्रामाणिकपणे मांडले, बेरीज न जुळणारे व्यवहार नाकारले आणि जुळण्यासाठी जे हवे ते जगात शोधायला लावले. अकरा वर्षांनी त्या रकान्याला अर्थ मिळाला.

व्याकरणाशी मी केलेली तुलना फार ताणू नये, हे मला कळते. खुर्चीचे लिंग भाषेप्रमाणे बदलते. सूर्य मराठीत पुल्लिंगी तर जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. लॅम्डाची विचित्रता मात्र मँचेस्टरला, ब्रुकहेवनला आणि मुंबईलाही उणे एकच. शिवाय लिंगांची बेरीज होत नाही. पण शोधाची रीत मला दोन्हीकडे एकच वाटते. वस्तू फोडून तिच्यात गुण सापडत नसेल, तर ती कोणाच्या संगतीत चालते आणि कोणाच्या संगतीत चालत नाही, ते पाहायचे. आणि जे घडत नाही त्याचीही नोंद ठेवायची.

आता माझ्या जुन्या प्रश्नाचे उत्तर. “ते नुसतं नाव आहे,” हे सरांचे म्हणणे खोटे नव्हते. १९५३ मध्ये ते नावच होते. पण प्रश्न तेथे संपत नव्हता, सुरू होत होता. नाव म्हणजे उत्तर नव्हे. मात्र हिशेब पाळणारे नाव उत्तरासाठी जागा राखून ठेवते, आणि खरे उत्तर आले तर ते त्या जागेत बरोबर बसते. व्याकरणाच्या सरांनीही ‘का’ बाजूला ठेवायला सांगितले होते, टाकून द्यायला नव्हे. एवढा फरक त्या वेळी कोणी मला सांगितला असता, तर मी विज्ञान शाखेत राहिले असते की नाही, हे सांगता येत नाही. पण शाखा सोडताना प्रश्नही सोडला पाहिजे असे वाटले नसते.

असो. हा लेख छापण्याला देण्यापूर्वी मी वडिलांना वाचून दाखवला. क्वार्क त्यांच्या फारसे ध्यानात आले नाहीत. ओमेगाच्या टकरीपाशी मात्र त्यांनी मला थांबवले, बोटांवर उणे तीन, अधिक एक, अधिक एक असे मोजले आणि म्हणाले, “जुळतंय. पुढं वाच.”

लेखात काही चुकले असल्यास ते माझ्या अल्प अभ्यासाचे फळ समजून गुरुजनांनी दाखवून द्यावे, ही नम्र विनंती.